मालकी कागदावर, ताबा करारात

सरकारी मालमत्ता खासगी कंपन्यांना चालवायला देण्याचा विषय निघाला की अनेक जण म्हणतात, 'मालकी सरकारचीच राहते, फक्त चालवायला देतात, मग घाबरायचं कशाला?' हा मुद्दा मला अजिबात पटत नाही. शिकागोचं उदाहरण बघा. 2008 साली तिथल्या पालिकेने रस्त्यांवरचे सुमारे 36,000 पार्किंग मीटर 115 कोटी डॉलरना खासगी कंपनीला दिले, तेही तब्बल 75 वर्षांसाठी! नगरसेवकांना करार वाचायला जेमतेम दोन-तीन दिवस मिळाले.

रस्ते आजही शहराचेच आहेत. पण मिरवणुकीसाठी किंवा दुरुस्तीसाठी रस्ता बंद ठेवला, बससाठी मार्गिका काढताना मीटरच्या जागा कमी केल्या, की बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई करारानुसार पालिकेने कंपनीला द्यायची. आणि करारातून पालिकेला आलेले बहुतेक पैसे दोन-तीन वर्षांतच खर्च झाले. म्हणून मी आधी कराराची मुदत आणि भरपाईचं कलम बघते, मालकीचा रकाना नंतर.