जुन्या एक्सटीच्या (आयबीएमचा जुना पीसी) हार्ड डिस्कला इंटरलीव्ह किती ठेवावा?

धरमपेठ_८०८८: सीगेट एसटी-२२५, २० एमबी, ८ बिट एमएफएम कंट्रोलर (डिस्क चालवणारं कार्ड). लो लेव्हल फॉरमॅट (डिस्कवर ट्रॅक आणि सेक्टर आखणं) इंटरलीव्ह विचारतो, म्हणजे पुढच्या क्रमांकाचा सेक्टर किती जागा सोडून ठेवायचा. १:१ दिला तर सगळ्यात वेगवान ना?

बर्डीकर: नाही भाऊ, उलटं होईल. एका ट्रॅकवर (डिस्कवरचं एक वर्तुळ) ५१२ बाइटचे १७ सेक्टर (तुकडे), वेग मिनिटाला ३६०० फेरे, म्हणजे एक फेरा १६.७ मिलिसेकंदांचा. एक सेक्टर वाचून कंट्रोलर तो मेमरीत टाकेपर्यंत पुढचा वाचणाऱ्या हेडखालून निघून जातो. मग अख्खा फेरा थांबा! ट्रॅक वाचायला १७ फेरे, सुमारे २८३ मिलिसेकंद. ६:१ ला सहाच, म्हणजे १००. ३:१ चा क्रम असा: १, ७, १३, २, ८, १४, ३, ९, १५... मधल्या दोन सेक्टरांएवढी उसंत मिळते. मूळ एक्सटीला ६:१ होता. तिथून एकेक कमी करत मोठी फाइल कॉपी करून वेळ मोजा. जिथे वेळ एकदम वाढेल, त्याच्या आधीचा आकडा तुमचा. दर वेळी डेटा पुसला जातो, हे ध्यानात असू द्या.

महाल_डॉस: लो लेव्हल फॉरमॅट सुरू करायला बऱ्याच कंट्रोलरवर डॉसच्या डीबग प्रोग्राममध्ये जी=सी८००:५ द्या, मग एफडिस्क (डिस्कचे विभाग पाडायला), मग डॉसचा फॉरमॅट. आणि हो, या ड्राइव्हचं हेड स्टेपर मोटर हलवते, तापमानाने ट्रॅक सरकतात. अर्धा तास चालू ठेवूनच फॉरमॅट करा. डिसेंबरच्या थंडीत थंड ड्राइव्हवर केलेला फॉरमॅट नागपूरच्या मे महिन्यात रीड एरर देऊ शकतो.

धरमपेठ_८०८८: डॉसच्या सेटिंगमध्ये बफर्स=२० (वाचलेले सेक्टर मेमरीत ठेवायची जागा) ने फरक पडेल?

बर्डीकर: फॅट (फाइल डिस्कवर कुठे कुठे आहे याचा तक्ता) आणि डिरेक्टरी पुन्हा पुन्हा वाचायला, हो. इंटरलीव्हची चूक त्याने झाकत नाही.