आधी दुहेरी प्रती काढून टाका, मग डिस्क घ्या

ईपुस्तकांना जागा पुरत नाही म्हटलं की मोठी हार्डडिस्क घ्या, असं सुचवलं जातं. पण जागा खातात त्या स्कॅन केलेल्या पीडीएफ. ईपब (ईपुस्तकांचा मजकूर-आधारित फाइल प्रकार) फारशी खात नाहीत. कॅलिबर या ईपुस्तकं सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पुस्तक टाकलं की तो स्वतःच्या फोल्डरात वेगळी प्रत करतो, मूळ फाइल तशीच राहते. म्हणजे दुप्पट जागा! त्या फोल्डरातली नावं मात्र हाताने बदलू नका, कॅलिबरच्या डेटाबेसला मग फाइल सापडत नाही.

दुहेरी पुस्तकं शोधणारं कॅलिबरचं ‘फाइंड डुप्लिकेट्स’ प्लगइन (जोड-प्रोग्रॅम) मराठीत अर्धंच काम करतं. एकच लेखक देवनागरीत आणि रोमनमध्ये असला की त्याला ती दोन माणसं वाटतात. आधी कॅलिबरच्या ‘मॅनेज ऑथर्स’मध्ये नावं एकसारखी करा, मग प्लगइन चालवा. त्यानंतर पुढे वाचायच्या पुस्तकांसाठी कॅलिबरमध्ये हो/नाही प्रकारचा ‘पुढचं’ असा स्तंभ जोडा (लुकअप नेम, म्हणजे स्तंभाचं आतलं नाव, रोमनमध्येच द्यावं लागतं), १० पुस्तकांवर खूण करा आणि ई-रीडरवर तेवढीच चढवा.