बातम्या लावल्या की सेलिब्रिटींच्याच केसेस, तुम्हालापण वैताग येतो का?

दादरकर: काल रात्री दमून घरी आलो, उद्या पाणीकपात आहे का एवढंच बघायचं होतं. पाऊण तास तेच, कोर्टाबाहेर गाडी आली, काचेला माईक चिकटवलेले, आतली बाई ओढणीने तोंड झाकून बसलेली. आई म्हणाली बंद कर रे, बघवत नाही. तुम्ही काय करता?

चाळकरी: आमच्याकडे टीव्ही बंदच केलाय. 2020 मधे अभिनेता सुशांतसिंग राजपूतच्या मृत्यूच्या प्रकरणात त्याची मैत्रीण रिया चक्रवर्तीला निकालाआधीच गुन्हेगार ठरवून टाकलं, आणि मार्च 2025 ला सीबीआयने क्लोजर रिपोर्ट दिला, म्हणजे तपासच बंद केला. जे गेलं ते परत कोण देणार तिला?

लोकलवाली: अगदी खरं. शाहरुखचा मुलगा आर्यन खानच्या ड्रग्ज केसच्या वेळी ऑक्टोबर 2021 मधे आर्थर रोड जेलच्या गेटवर दिवसभर कॅमेरे, मे 2022 ला एनसीबीने (ड्रग्जच्या केसेस बघणारी केंद्राची यंत्रणा) पुरावा नाही म्हणून चार्जशीटमधे नाव घातलं नाही, ते किती दिवस दाखवलं? आमची खोलीची केस 14 वर्षं चाललीये, बाबा तारखेला फाईल पिशवीत घालून जातात आणि पुढची तारीख घेऊन येतात, त्यांच्यासमोर कोणी माईक धरला नाही.

चाळकरी: जानेवारी 2021 मधे मुंबई हायकोर्टानेच सांगितलंय की मीडिया ट्रायलमुळे तपासात आणि न्यायाच्या कामात ढवळाढवळ होते, संयम ठेवा. ऐकतंय कोण!

दादरकर: लोकलवाली, बाबांची पुढची तारीख कधी आहे? ओळखीचे वकील आहेत, विचारून बघतो.