आईला घरी आणायचं ठरतंय, काय काय तयारी करू?

आईचा कॅन्सर शेवटच्या स्टेजला आहे, डॉक्टर म्हणाले आता केमो नको, घरी न्या आणि पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणारी काळजी, सुरू करा. दुखण्यासाठी मॉर्फिन लिहून दिलंय पण भाऊ म्हणतो सवय लागेल, त्यात ती दोन घासही खात नाही, मला तर काही सुचतच नाहीये. कोणी घरी केलंय का हे सगळं?

प्रतिसाद १
केलंय, बाबांचं. मॉर्फिनला घाबरू नका, दुखण्यासाठी सांगितलेल्या डोसमध्ये वेळेवर दिलं तर व्यसन सहसा लागत नाही, कळ यायची वाट बघत बसू नका. बद्धकोष्ठता मात्र बहुतेकांना होतेच, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासूनच डॉक्टरांकडून मागून घ्या. आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं, 5 दिवस बाबा नुसते तळमळले, अजून आठवलं की पोटात कालवतं.

प्रतिसाद २
मी नर्स आहे. पडून राहून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर 2 तासांनी कूस बदला, माकडहाड आणि टाचा रोज बघा, लाली दाबूनही जात नसेल तर लगेच कळवा. खायची बळजबरी नको हो, शरीरच मागत नाही शेवटी. ओठ ओल्या कापसाने टिपत रहा, तेवढ्यानेही चेहरा निवळतो. रात्री कुणाला फोन करायचा तो नंबर आत्ताच लिहून घ्या.

धागाकर्ती
भावाला हे वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला रात्रीची पाळी मी घेतो.