मदत हवी आहे: भावाची वकिलीची सनद वर्षभर निलंबित, अपील करायचं की धारवाडला रिट?

आम्ही खानापूरचे. माझा थोरला भाऊ १९ वर्षं वकिली करतोय, बहुतेक जमिनीचे दावे. एका जुन्या पक्षकारानं तक्रार केली की भरपाईची रक्कम दादानं दाबून ठेवली. रक्कम दिलेली आहे, पोचपावतीवर त्याचा अंगठा आहे, मूळ पावती आमच्याकडे आहे. पण राज्य बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीची नोटीस जुन्या ऑफिसच्या पत्त्यावर गेली आणि परत फिरली. पत्ता बदलल्याचं दादानं आधीच लेखी कळवलं होतं. तरी एकतर्फी चौकशी होऊन सनद १ वर्षासाठी निलंबित झाली. आदेश हातात पडून ११ दिवस झाले.

जांबोटी-कणकुंबीकडची माणसं कन्नडमधले कागद घेऊन यायची, दादा मराठीत समजावून सांगायचा, पैसे न घेता. आता त्यांना दारातूनच परत पाठवतो. बघवत नाही.

बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे ६० दिवसांत अपील असतं, एवढं कळलंय. पण दादाचे मित्र म्हणतात, बाजूच ऐकली नाही तर सरळ हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात रिट (आदेशाला थेट आव्हान देणारा अर्ज) करा. यातच मुदत निघून जाईल अशी भीती वाटते.

प्रतिसाद:
ताई, मी निपाणीला वकिली करते. ६० दिवस आदेश मिळाल्यापासून मोजतात, म्हणून तो आलेला लिफाफा जपून ठेवा.

नैसर्गिक न्याय डावलला असेल, म्हणजे बाजू मांडायची संधीच दिली नसेल, तर अपिलाची सोय असूनही हायकोर्ट रिट ऐकू शकतं, हे सुप्रीम कोर्टाच्या १९९८ च्या व्हर्लपूल निकालात आहे. ऐकेलच असं मात्र नाही. शिवाय पावती खरी की खोटी, ही शहानिशा रिटमध्ये सहसा होत नाही, ती अपिलात होते. तुमची सगळी भिस्त त्या पावतीवर आहे, म्हणून मी ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३७ चं, म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडियाकडचं, अपीलच करीन. तिथं हरलात तर कलम ३८ खाली सुप्रीम कोर्ट आहे.

नुसतं अपील केल्यानं निलंबन थांबत नाही. कलम ४० खाली स्थगितीचा अर्ज वेगळा द्या. अपिलाची मुदत संपायच्या आत तो आदेश देणाऱ्या समितीकडेही देता येतो. स्थगिती मिळेपर्यंत दादांनी एकाही वकीलपत्रावर सही करू नये, कुठल्या कोर्टात उभंही राहू नये.

पत्ता बदलल्याच्या पत्राची पोच सापडते का ते आजच बघा, आणि नोटीस बजावणीच्या कागदांच्या नकलांसाठी अर्ज टाका.