केबल बंद करून स्टिकवर यायचंय, नेमकं काय काय लागेल?

मिसळकट्टा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राजारामपुरीत दोन मजली स्लॅबचं घर. खाली हॉलमध्ये ३२ इंची साधा एलईडी, स्मार्ट नाही, मागं दोन एचडीएमआय आहेत. वरच्या खोलीत जुना डब्बा टीव्ही, पिक्चर ट्यूबचा. दोन्हीकडं केबल आहे, महिन्याला मिळून सहाशेच्या आसपास जातात. फायबरचं नेट आधीपासून आहे, ४० एमबीपीएस, राउटर वरच्या मजल्यावर. आईला स्टार प्रवाह आणि झी मराठीच्या मालिका लागतात, बाबांना दोन वेळच्या बातम्या, बाकी सगळ्यांना क्रिकेट.

टीव्हीच्या एचडीएमआयला लावायची, नेटवरून अॅप चालवणारी स्टिक घ्यावी, तसलाच बॉक्स घ्यावा की टीव्हीच बदलावा? ४० चं नेट दोन टीव्हींना पुरेल का? आणि आईबाबांना कुणाला हाक न मारता लावता येईल अशी सोय होते का?

---

फायबरवाला

पहिली गोष्ट, केबल लगेच तोडू नका. एक महिना दोन्ही चालू ठेवा. घरात खरंच काय बघितलं जातं ते त्या महिन्यात कळतं, आणि काय अडतं तेही.

नेटचं म्हणाल तर ४० पुरून उरतं. फुल एचडी चित्राला साधारण ५ एमबीपीएस लागतात, ४के असेल तर १५. तुमचा ३२ इंची ४के नाहीच. दोन टीव्ही आणि चार मोबाइल एकदम चालले तरी २५ च्या पुढं जाणं अवघड. १०० चा प्लॅन घ्या म्हणून कुणी गळ्यात मारायला आलं तर नको म्हणा.

डेटाचा हिशोब मात्र करा. एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत जातात. दोन टीव्ही रोज सहा सहा तास चालले तर महिन्याला १०८० जीबी. फायबरच्या बऱ्याच ‘अनलिमिटेड’ प्लॅनमध्ये ३३०० जीबीची मर्यादा असते, त्यात हे आरामात बसतं. पण तारेशिवायचं, गच्चीवर अँटेना लावून मिळणारं नेट असेल तर तिथं बहुतेक १००० जीबीवर स्पीड पडतो, म्हणजे महिन्याचे शेवटचे दिवस गोल गोल फिरणारं चक्र बघत काढायचे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवायचा विचार असेल तर सोडा. रोजचे २ जीबी एचडीत चाळीस मिनिटांत संपतात.

खरी अडचण वायफायची येणार. राउटर वर, टीव्ही खाली, मध्ये स्लॅब. राउटरवर दोन बँड असतात. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण स्लॅब किंवा जाड भिंत आली की दम तोडतो. २.४ चा लांब जातो, पण शेजारपाजारच्या सगळ्यांचे राउटर त्याच बँडवर गर्दी करतात, म्हणून रात्री आठ ते दहा हमखास अडकतो. राउटरच्या सेटिंगमध्ये दोघांना वेगवेगळी नावं द्या, म्हणजे टीव्ही कशावर जोडलाय ते तरी कळेल.

त्यापेक्षा पक्का इलाज म्हणजे वरून खाली एक कॅट-६ वायर (नेटची वायर) टाकून घेणं. केबल टीव्हीची जुनी कोअॅक्स वायर ज्या पाइपातून आलीय त्यातूनच ती ओढता येते. जुन्या वायरच्या टोकाला नवी नीट बांधायची, टेप गुंडाळायची आणि दुसऱ्या बाजूनं सावकाश ओढायची. कनेक्टर मात्र वायर बाहेर आल्यावर मारायचा, आधी मारलेला पाइपाच्या बेंडात अडकतो. खाली त्या वायरवर एखादा जुना राउटर अॅक्सेस पॉइंट (त्याच नेटचं वायफाय पुढं देणारा) करून ठेवा. त्याच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी (मोबाइल-टीव्हींना नेटवर्कवरचे पत्ते वाटायची सोय) बंद करायचा, आयपी म्हणजे त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा द्यायचा आणि वायर लॅन पोर्टमध्ये घालायची, वॅनमध्ये (बाहेरचं नेट घ्यायच्या पोर्टमध्ये) नाही. हॉलमधल्या सगळ्या मोबाइलनाही रेंज मिळते.

पेठेतल्या जुन्या दगडमातीच्या घरांत तर एक भिंत ओलांडली तरी ५ चा बँड गायब होतो. तिथं रिपीटर लावून उपयोग नाही, अशक्त सिग्नलच तो पुढं ढकलतो. तिथंही वायरच.

---

गंगावेस_कॉर्नर

स्टिक की बॉक्स, याचं उत्तर देतो.

टीव्ही बदलू नका. पॅनल चांगला असेल तर त्याला स्टिक बास. फायर टीव्ही स्टिक घ्या नाहीतर गूगलची मान्यता असलेला अँड्रॉइड टीव्ही बॉक्स घ्या. बाजारात स्वस्तात ‘४के अँड्रॉइड बॉक्स, हजारो चॅनेल फुकट’ म्हणून जे विकतात त्याच्या नादाला लागू नका. त्यात वाइडवाइन एल१ हे एचडी चित्राला लागणारं कॉपीराइटचं सर्टिफिकेट नसतं. त्यामुळं बॉक्सवर ४के छापलेलं असलं तरी नेटफ्लिक्ससारखी अॅप्स ४८० च्या धुरकट चित्रावरच अडकतात किंवा चालतच नाहीत. शिवाय अशा काही बॉक्समध्ये कारखान्यातूनच व्हायरस भरलेले सापडलेत, आणि तो बॉक्स तुमच्या घरच्या वायफायवर बसणार.

आता चॅनेलचं बघा. झी मराठी झी५ वर. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी दोन्ही जिओहॉटस्टारवर, कारण फेब्रुवारी २०२५ मध्ये हॉटस्टार आणि जिओसिनेमा एक झाले. सोनी मराठी सोनीलिव्हवर. म्हणजे आईसाठी दोन अॅप बास. बातम्यांना एक रुपयाही लागत नाही, एबीपी माझा, झी २४ तास, टीव्ही९ मराठी हे सगळे यूट्यूबवर लाइव्ह असतात. सह्याद्री हवं असेल तर प्रसार भारतीचं वेव्हज अॅप आहे.

यात फसगत एकाच ठिकाणी होते. सगळ्यात स्वस्त दिसणारा प्लॅन बहुतेक वेळा ‘मोबाइल’ प्लॅन असतो आणि तो टीव्हीवर चालत नाही. पैसे भरून झाल्यावर टीव्हीवर लॉगिन केलं की मग कळतं. मोबाइलच्या रिचार्जबरोबर जे फुकट सबस्क्रिप्शन मिळतं तेही बऱ्याचदा याच जातीचं. घेताना ‘टीव्ही’ आणि ‘एका वेळी किती स्क्रीन’ हे दोन शब्द शोधा. वर्षाचा प्लॅन सुरुवातीलाच घेऊ नका. यूपीआयनं पैसे भरले तर ऑटोपे चालू होतं. अॅप काढून टाकलं म्हणून ते थांबत नाही, यूपीआय अॅपमध्ये ऑटोपे किंवा मॅन्डेटच्या यादीत जाऊन रद्द करावं लागतं.

आणि आईला आधीच सांगून ठेवा, की आठ वाजले म्हणून मालिका आपोआप सुरू होणार नाही. एपिसोड आपण लावायचा. हा फरक अॅपच्या किमतीपेक्षा मोठा आहे आणि बहुतेक घरं इथंच परत केबलवर येतात.

क्रिकेटमध्ये चित्र केबलपेक्षा मागं असतं, कधी वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. शेजारी केबल असेल तर तुमच्याकडं बॉलर रनअपला असतानाच भिंतीपलीकडून आरडाओरडा ऐकू येणार. याला इलाज नाही, मॅच चालू असताना मोबाइल उलटा ठेवा, स्कोअर आधीच दिसू नये म्हणून, एवढंच.

---

तांबडा_पांढरा

भावा, एक गोष्ट कुणी बोललं न्हाई. केबल गेली की गावातलं लोकल चॅनेल पण गेलं. निधन वार्ता, पाणी कुठल्या भागात येणार न्हाई, पावसाळ्यात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याला किती फूट, हे सगळं घरातली म्हातारी माणसं तिथंच बघतात. अंबाबाईचा किरणोत्सव नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी असतो, तवा तर टीव्हीसमोरनं उठत न्हाईत. आता यातलं बरंच यूट्यूबवर लाइव्ह मिळतंय, शाहू स्टेडियमवरच्या पेठांच्या फुटबॉल मॅचेस पण. पण ते चॅनेल शोधून आधीच सबस्क्राइब करून ठेव. आयत्या वेळी आई रिमोटनं एकेक अक्षर टाइप करत बसणार न्हाई. फायर टीव्हीच्या रिमोटवर माइकचं बटण दाबून बोललं की शोधता येतं, ते मात्र एकदा शिकवून ठेव.

डब्बा टीव्हीवर स्टिक लावता येती, पण लावू नको. एचडीएमआय ते एव्ही असा कन्व्हर्टर मिळतो, लाल-पांढऱ्या-पिवळ्या तीन पिनांचा. दुकानदार लई वेळा उलटा देतो, एव्ही ते एचडीएमआय. दिसायला दोन्ही सारखेच, वर बारीक अक्षरात दिशा लिहिलेली असती ती बघून घे. त्याला वेगळा ५ व्होल्ट पण द्यावा लागतो. एवढं करून चित्र येतं, पण मेनूची अक्षरं वाचता येत न्हाईत आणि माणसं लांबुळकी दिसतात.

त्या खोलीत डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची फुकट डिश सेवा, बसव. डिश, एलएनबी (डिशसमोरचा सिग्नल पकडणारा तुकडा), बॉक्स आणि वायर एकदाच घ्यायची, महिन्याचं भाडं शून्य. सह्याद्री हायच, शिवाय काही खासगी चॅनेल. सॅटेलाइट जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला. आपल्याकडनं आग्नेय दिशा येती, साधारण ६० अंश उंचीवर. डिश तेवढी आभाळाकडं तोंड करून दिसणार न्हाई, ऑफसेट असती म्हणून (सिग्नल तिरका घेती), त्यामुळं नजरेनं अंदाज घेऊ नको, बॉक्सवरचा सिग्नल क्वालिटीचा पट्टा बघत डिश हलव. त्या बाजूला नारळ किंवा शेजारची पाण्याची टाकी आडवी येत न्हाई एवढं बघ. बॉक्स एमपेग-४ (चित्राचा नवा फॉरमॅट) वाला घे, जुन्या एमपेग-२ मध्ये चॅनेल कमी येतात.

---

मिसळकट्टा

सगळ्यांचे आभार. स्टिक आणली, ४के नसलेली साधीच. टीव्हीच्या यूएसबीतून पॉवर दिलीय. यूट्यूब चालतं, पण पंधरा-वीस मिनिटांनी स्टिक आपोआप रीस्टार्ट होते. आणि एका अॅपमध्ये आवाज येतो, चित्र काळं. लाइट जाऊन आली की टीव्ही पुन्हा एव्हीवर (केबलच्या बॉक्सच्या इनपुटवर) जातो, तेही एक.

---

फायबरवाला

रीस्टार्टचं कारण तुम्हीच लिहिलंय. टीव्हीचा यूएसबी पोर्ट साधारण अर्धा अॅम्पिअर देतो, स्टिकला ५ व्होल्ट १ अॅम्पिअर लागतो. मेनूत निभावतं, व्हिडिओ आणि वायफाय एकदम जोरात चालले की व्होल्टेज पडतं आणि ती बंद पडून पुन्हा चालू होते. खोक्यात अॅडॉप्टर आलाय तोच भिंतीच्या सॉकेटला लावा. खोक्यात एक छोटी एचडीएमआय एक्स्टेन्शनची शेपटीही असते, बहुतेक जण ती टाकून देतात. ती लावा. टीव्हीच्या मागं पत्र्याला चिकटून बसलेली स्टिक तापते आणि वायफायही नीट पकडत नाही, शेपटीमुळं ती चार बोटं बाहेर येते.

काळ्या चित्राचं बहुतेक एचडीसीपीचं लफडं आहे. ही कॉपीराइटची कुलूपव्यवस्था आहे, पैशाच्या अॅपना ती लागते, यूट्यूबच्या साध्या व्हिडिओंना लागत नाही, म्हणून तुमचं यूट्यूब चाललं. मध्ये स्प्लिटर किंवा कन्व्हर्टर असेल तर काढा. नसेल तर दुसऱ्या एचडीएमआय पोर्टला लावून बघा. टीव्ही आणि स्टिक दोन्ही प्लगपासून काढून मिनिटभर ठेवा आणि आधी टीव्ही, मग स्टिक अशा क्रमानं चालू करा.

एव्हीवर जाण्यासाठी टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी (जोडलेल्या वस्तूनं टीव्हीला हुकूम द्यायची सोय) शोधा. कंपनीप्रमाणं नाव बदलतं, सॅमसंगला अॅनीनेट+, एलजीला सिम्पलिंक, सोनीला ब्राव्हिया सिंक. ते चालू केलं की स्टिकच्या रिमोटवर होमचं बटण दाबताच टीव्ही स्वतः त्या इनपुटवर येतो. जुन्या टीव्हीत सीईसी नसेलच तर टीव्हीच्या रिमोटवरच्या सोर्सच्या बटणावर लाल टिकली चिकटवा आणि महिना संपला की केबलच्या बॉक्सची वायर तिथून काढून टाका, म्हणजे एव्हीवर काही उरणारच नाही.

लाइट जाण्याचं निघालंच आहे तर, फायबरच्या डब्याला (फायबरची तार जिथं येते त्या मोडेमला) आणि राउटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या. घेण्याआधी दोन्हींच्या अॅडॉप्टरवर छापलेले अॅम्पिअर वाचा, १ असेल, दीड असेल, २ असेल, त्यांची बेरीज यूपीएसनं द्यायला हवी. डब्यावरचा एलओएस (सिग्नल गेल्याचा) दिवा लाल लुकलुकला तर फायबर तुटलाय किंवा कुठंतरी दुमडलाय, राउटर रीस्टार्ट करत बसू नका, ऑपरेटरला फोन करा. मुसळधार पावसात खांबावरच्या जॉइंटमध्ये पाणी जातं तेव्हा दिवा हिरवा असूनही नेट अडखळतं. डब्याच्या सेटिंग पानावर आरएक्स पॉवर (डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, डीबीएममध्ये) दिसते, वजा १५ ते वजा २५ च्या मधला आकडा ठीक. वजा २७ च्या आसपास गेला असेल तर तो आकडाच ऑपरेटरला सांगा, माणूस लवकर येतो.

---

गंगावेस_कॉर्नर

साध्या स्टिकमध्ये जागा ८ जीबीच, त्यातली बरीच सिस्टिम खाते. चार-पाच अॅप टाका, गेम नकोत. अडकायला लागली की सेटिंगमध्ये अॅप्लिकेशन्स, मग मॅनेज इन्स्टॉल्ड अॅप्लिकेशन्स, तिथं एकेका अॅपची कॅशे (साठलेल्या तात्पुरत्या फाइली) साफ करा. ‘क्लिअर डेटा’ नाही हं, त्यानं लॉगिन जातं. पूर्ण गोठली तर मधलं गोल बटण आणि प्ले-पॉजचं बटण एकत्र पाच सेकंद धरून ठेवा. रिमोट दाद देत नसेल तर आधी सेल बदला, मग होमचं बटण दहा सेकंद दाबून परत जोडा.

होमवर आईची दोन अॅप आणि यूट्यूब पहिल्या तीन जागांवर आणून ठेवा. अॅपवर मेनूचं बटण दाबलं की ‘मूव्ह’ येतं. यूट्यूबला बाबांचं वेगळं प्रोफाइल करा, नाहीतर पोरांच्या कार्टूनखाली बातम्या गाडल्या जातात.

महिन्यानंतर केबल काढायची ठरली तर बॉक्स, अॅडॉप्टर आणि रिमोट ऑपरेटरकडं द्या, डिपॉझिट भरलं असेल तर परत मागा आणि दिल्याची पावती घ्या. पावती नसली की सहा महिन्यांनी बॉक्सचे पैसे मागायला माणूस दारात.