मदत हवी आहे: यूकेत मतदान, भारतीय पासपोर्ट आणि मधलं नाव

भारतीय नागरिक कॉमनवेल्थमध्ये मोडत असल्याने व्हिसावर राहतानाही इथे मत देऊ शकतात. त्यांच्यासाठी एक पानी मराठी माहितीपत्रक तयार होतंय. नोंदणी मतदानाच्या 12 कामकाजी दिवस आधीपर्यंत, मतदानासाठीच्या मोफत ओळखपत्राचा अर्ज 6 कामकाजी दिवस आधी संध्याकाळी 5 पर्यंत, इथवर सगळं स्पष्ट आहे. मतदान केंद्रावर फोटो ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो, मुदत संपलेला असला तरी, फक्त फोटोतला चेहरा जुळला पाहिजे. फोनवरचा ई-व्हिसा चालत नाही (इथेच बरेच जण फसतात). स्कॉटिश पार्लमेंट आणि वेल्सच्या सेनेडच्या (तिथल्या संसदेच्या) निवडणुकीसाठी फोटो ओळखपत्र लागतच नाही, हेही लिहिलंय.

घोडं अडतंय ते नावापाशी. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव 'गिव्हन नेम'मध्येच येतं आणि मतदार यादीत नोंदवताना ते गाळलं जातं. हा फरक किरकोळ मानतात का? लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र सोबत न्यायचं, हा नियम ठाऊक आहे. पण जुनी प्रमाणपत्रं नुसती मराठीत असतात. अशा वेळी प्रमाणित भाषांतर लागतं की प्रिसायडिंग ऑफिसर (मतदान केंद्राचे प्रमुख) स्वतः ठरवतात?

मतदान केंद्रावर पोल क्लार्क (मतदारांची नावं, ओळखपत्रं तपासणारे कर्मचारी) म्हणून काम केलेलं कुणी असेल तर कृपया सांगा. ऐकीव नको, प्रत्यक्ष काय केलं जातं तेच हवंय. पोस्टल मताचा पर्याय माहीत आहे, तो इथे नको.